मोहरी संकरित की संकरज?

प्रश्न असा आला आहे: नववीतल्या मुलीने प्रकल्पात लिहिले, 'मोहरी ही संकरित वनस्पती आहे.' शेती करणारे मामा म्हणाले, 'आमची मोहरी संकरित नाही, घरचेच बियाणे आहे.' बरोबर कोण? आणि मोहरी खरोखर दोन वनस्पतींच्या संकरातून झाली असेल, तर स्ट्रॉबेरीच्या शास्त्रीय नावात असते तशी फुली तिच्या नावात का नाही?

ताई, दोघेही बरोबर आहेत. 'संकरित' या एकाच शब्दावर आपण दोन कामे टाकली आहेत, म्हणून हा वाद झाला.

आधी मुलीची बाजू. आपल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी म्हणजे बहुतेक वेळा ब्रॅसिका जुन्सिया. जुन्सिया म्हणजे लव्हाळ्यासारखी. वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू ऊ (कोरियन नाव ऊ जांग-चून) यांनी १९३५ साली कोबीच्या गोतावळ्याचे नाते एका त्रिकोणात मांडले. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती: काळी मोहरी (ब्रॅसिका नायग्रा), कोबी-फ्लॉवर-नवलकोल ज्या एकाच जातीत येतात ती ब्रॅसिका ओलेरासिया, आणि सलगमची ब्रॅसिका रापा. त्यांच्या गुणसूत्रांच्या जोड्या अनुक्रमे ८, ९ आणि १०. दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या प्रत्येक बाजूवर त्या दोघांच्या संकरातून झालेली एकेक जात. काळी मोहरी आणि रापा यांच्यामधल्या बाजूवर आपली मोहरी बसते: ८ आणि १०, मिळून १८ जोड्या. बेरीज इतकी चोख जुळते की पहिल्यांदा वाचले तेव्हा मी डब्यातले चार दाणे तळहातावर घेऊन बघत बसलो होतो. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, त्यामागचे सिनिग्रिन हे द्रव्य काळ्या मोहरीतही असते आणि आपल्या मोहरीतही.

आता मामांची बाजू. बियाण्याच्या व्यवहारात 'संकरित वाण' आणि 'सुधारित वाण' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि शेतकरी ते अतिशय नेमके वापरतात. संकरित म्हणजे दोन निवडक वाणांची पहिली पिढी. तिचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, त्यामुळे दरवर्षी पिशवी विकत आणावी लागते. सुधारित वाणाचे बी घरी राखता येते. दिल्ली विद्यापीठात तयार झालेली आणि बातम्यांतून गाजलेली डीएमएच-११ ही मोहरी या अर्थाने संकरित आहे. तिचे आईबाप म्हणजे 'वरुणा' आणि 'अर्ली हीरा-२'. पण हे दोन्ही आईबाप मोहरीच! इथे जात बदललेली नाही, एकाच जातीतल्या दोन वाणांचा संकर झाला आहे.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की जातीबद्दल बोलताना 'संकरज' म्हणावे. जलज, अनुज यांच्यासारखाच हा शब्द, संकरातून जन्मलेली एवढाच त्याचा अर्थ. मग 'संकरित' हा शब्द शेतकऱ्याच्या अर्थासाठी मोकळा राहतो. मोहरी ही जात संकरज, मामांचे वाण सुधारित, आणि डीएमएच-११ संकरित. एकाही वाक्यात गोंधळ उरत नाही.

काहींना 'संकर' हा शब्दच खटकतो, कारण कानात 'वर्णसंकर' घुमत असतो. मुळात सम् आणि कॄ, म्हणजे एकत्र ओतणे, मिसळणे. संस्कृत काव्यशास्त्राने तर त्याला फार सुंदर अर्थ दिला आहे. दोन अलंकार तीळ-तांदळासारखे वेगळे ओळखू येत असतील तर ती संसृष्टी, दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर तो संकर. मोहरीत मला दोन्ही दिसतात. रोप पाहिले तर दूध-पाणी, पण पेशीत दोन्ही घराण्यांची गुणसूत्रे बहुतांशी आपापल्याच जोडीदाराशी जुळतात, म्हणजे तीळ-तांदूळ. शिवाय मोहरी वांझ का नाही, याचे उत्तरही तिथेच आहे. पहिल्या संकरात ८ आणि १० सुटी गुणसूत्रे आली, त्यांना जोडीदार नव्हते. ती दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडी मिळाली आणि बी धरू लागले.

राहिली फुली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फ्रॅगारिया × अनानासा, पेपरमिंट मेंथा × पायपेरिटा. ही गुणाकाराची खूण आहे, रोमन 'एक्स' अक्षर नव्हे. खूण टंकता येत नसेल तर 'एक्स' चालते. पण वनस्पतींच्या नामकरणाची संहिताच सांगते की संकरातून आलेल्या प्रत्येक जातीला फुली लावण्याची सक्ती नाही. लिनियसने १७५३ मध्ये मोहरीला सिनापिस जुन्सिया म्हणून साधी जात मानले, पुढे ती ब्रॅसिकात आली, आणि तिचे आईबाप कळेपर्यंत नाव रुळून गेले होते. ती स्वतःच्या बियांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी जात आहे, त्यामुळे मलाही फुलीची गरज वाटत नाही. दोन वेगळ्या प्रजातींचा (प्रजाती म्हणजे जीनस, जातीच्या वरचा गट) संकर असेल तर फुली नावाच्या अगदी आधी येते. मुळा आणि कोबी यांच्या संकराचे नाव ×ब्रॅसिकोरॅफॅनस. या संकरावर सोव्हिएत शास्त्रज्ञ कार्पेचेंको यांनी १९२०च्या दशकात मोलाचे काम केले.

मुलीच्या वहीत एवढाच बदल करा: 'मोहरी (ब्रॅसिका जुन्सिया) ही काळी मोहरी आणि ब्रॅसिका रापा यांच्यापासून झालेली संकरज जात आहे.' आणि ते वाक्य मामांनाही वाचून दाखवा.