आतलं आतलं किती वाचायचं?

प्रश्न: एका गाजलेल्या कादंबरीची ४० पानं वाचली आणि ठेवून दिली. काही घडतच नाही हो, नायिका खिडकीशी बसलीय आणि तिच्या मनात काय चाललंय तेवढंच पानंच्या पानं. ताई म्हणते तुला खोलातलं झेपत नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: चुकत बिकत काही नाही, कंटाळवाणं आत्मचिंतन भरपूर लिहिलं जातं आणि ते खुशाल बाजूला ठेवावं. 'मला आतून खूप रिकामं वाटत होतं' असं लेखक दहा वेळा लिहितो तेव्हा वाचणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही, ती फक्त भावनेवर लावलेली चिठ्ठी झाली.

आता हे बघा. वडील गेल्याचा फोन येतो आणि मुलाच्या मनात पहिलं काय येतं तर चला, उद्याची मीटिंग तरी टळली, मग त्या विचाराचीच त्याला लाज वाटते, मग रडू फुटतं आणि ते वडिलांसाठी की लाजेपोटी हे त्याचं त्यालाही कळत नाही. सिनेमात तुम्हाला फोन हातात धरून रडणारा माणूस दिसेल, बस. तो मीटिंगचा अर्धा सेकंद फक्त गद्यातच पकडता येतो, आणि तो वाचताना आपण जरा दचकतो कारण असलं काहीतरी आपल्याही मनात कधीतरी येऊन गेलेलं असतं पण आपण कुणाला बोललेलो नसतो.

मनातले विचार सुटे सुटे नसतात, वाहत असतात, हे विल्यम जेम्सनं १८९० मध्ये मानसशास्त्राच्या पुस्तकात मांडलं, कादंबरीवाल्यांनी ते नंतर उचललं. व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५) अख्खी एका दिवसात घडते, आणि मोठा प्रसंग काय तर संध्याकाळची पार्टी! मराठीत मर्ढेकरांनी १९४२ मध्ये 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत हा संज्ञाप्रवाह, म्हणजे मनातले विचार वाहतात तसेच लिहिण्याची पद्धत, आणून पाहिला. सोपं नाहीये ते, मलाही पहिल्या खेपेला जड गेलं होतं.

एक करून बघा, ही पुस्तकं पुढे काय होणार म्हणून वाचूच नका, एका बैठकीत आठ-दहा पानंच घ्या आणि नायिका स्वतःशी कुठे खोटं बोलतेय तेवढं शोधा. सापडलं तर पुढे जा, नाही सापडलं तर पुस्तक खरंच पोकळ असेल.

आणि ताईंनी ते शेवटपर्यंत वाचलंय का, विचारा एकदा. मला जरा डाउट आहे.