नाशिकमध्ये बंगल्याच्या आवारातला नारळ पिवळा पडतोय, रोग आहे की मातीत काही कमी आहे? मीठ घालू का?

आमची निफाडकडे द्राक्षबाग, बांधावर नारळ आहेत, त्यावरून सांगतो. झावळ्या कुठल्या पिवळ्या पडतायत ते आधी बघा, सगळं त्यावर आहे.

खालच्या जुन्या झावळ्यांवर केशरी-पिवळे ठिपके आणि टोकं, कडा वाळलेल्या असतील तर बहुतेक पोटॅश कमी पडतंय. झाड जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्याला देतं, म्हणून त्या झावळ्या हिरवट आहेत तोवर दिसायला वाईट म्हणून छाटू नका. अशा उपाशी झाडावर करपाही (पानांवर डाग पाडणारी बुरशी) जास्त येतो, मग लोक बुरशीनाशक मारत बसतात आणि खत द्यायचं राहूनच जातं. नवी पानं आखूड, चुरगळलेली, टोकं एकमेकांना चिकटलेली असली तर बोरॉन. नवीच पानं पिवळी असतील तर लोह, आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते असून मुळांना उचलता येत नाही.

मीठ नको. नारळाला क्लोराइड लागतं हे खरं, त्यावरूनच मीठ घालायची पद्धत आहे, पण काळ्या चिकट मातीत सोडियम साठला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. त्यापेक्षा एमओपी घाला, म्हणजे लाल पोटॅश, ते पोटॅशियम क्लोराइडच असतं, एका खतात दोन्ही कामं. गंमत बघा, द्राक्षाला आपण क्लोराइड नको म्हणून महागडं एसओपी (पोटॅशियम सल्फेट) आणतो, नारळाला मात्र स्वस्तातलंच बरं! मोठ्या झाडाला वर्षाला नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० आणि पालाश (म्हणजे पोटॅश) १२०० ग्रॅम अशी शिफारस असते, त्या हिशोबानं एमओपी २ किलो, दोन हप्त्यांत, बुंध्याला चिकटून नको, पाच-सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात पसरून, शेणखत आणि पाणी सोबत.

पण मधली सुई (शेंड्यातलं न उघडलेलं कोवळं पान) ओढल्यावर हातात आली आणि घाण वास आला तर कोंब कुजलाय, ती बुरशी, तिथे खताची वाट बघू नका, सडलेलं साफ करून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा (कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, करून देईल). खोडातून तांबूस चीक गळत असेल तर तीही बुरशीच. केरळातला रूट विल्ट हा झावळ्या पिवळ्या करणारा रोग फायटोप्लाझ्मामुळे (जिवाणूसारखा सूक्ष्मजीव) होतो, तो खतानं बरा होत नाही.

आणि पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही हो. वर्षाला बारा-चौदा झावळ्या येतात, म्हणजे पूर्ण शेंडा बदलायला दोन-अडीच वर्षं धरा, फरक बघायचा तो नव्या झावळ्यांवर.