देणगीदार दुसऱ्या वर्षी का गळतात, आणि ईमेल-व्हॉट्सॲप-फेसबुक कशाला वापरायचं

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अभ्यासिका आणि वाचनालय चालवणारी नोंदणीकृत संस्था, दोनशेच्या आत देणगीदार, निम्मे पुणे-मुंबई-गोव्यात, काही आखातात. दरवर्षी आवाहनाचं पत्रक व्हॉट्सॲपवर सोडता. पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी निम्मेच. म्हणून आता ईमेल आणि फेसबुक सुरू करायचं म्हणता.

सुरू करा, पण आधी यादी बघा. बहुतेक संस्थांची यादी म्हणजे सेक्रेटरींच्या खासगी फोनमधले नंबर. सेक्रेटरी बदलले की देणगीदारही गेले. संस्थेच्या नावाचं वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि गूगल शीटमध्ये एक तक्ता करा: नाव, पॅनवर असलेलं स्पेलिंग, मोबाइल, ईमेल, सध्या राहतात कुठे, मराठीत वाचतात की कन्नडमध्ये, शेवटची देणगी किती आणि कधी, पावती क्रमांक, कुणाच्या ओळखीने आले. हा शेवटचा रकाना सगळे वगळतात. पण गळालेल्या माणसाला परत आणायला तोच कामाला येतो, कारण फोन त्या ओळखीच्या माणसानेच करायचा असतो.

व्हॉट्सॲपवर ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगळा जातो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आठवड्याभरात गुड मॉर्निंग आणि निवडणुकीचे फॉरवर्ड सुरू होतात. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, तुम्हाला एकच पुरेल. अडचण एकच: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही, आणि तसं तुम्हाला कुणी कळवतही नाही. म्हणून पावती पाठवताना संस्थेचं कॉन्टॅक्ट कार्डही पाठवा आणि ‘हा नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे कामाची माहिती मिळत राहील’ एवढं लिहा. ज्यांच्या संदेशावर आठवडाभर दुसरी टिक दिसत नाही, त्यांना फोन लावून विचारा.

ईमेलचं काम वेगळं. पावती, वर्षाचा हिशोब आणि ८०जीचं (देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळवून देणारं) प्रमाणपत्र यांसाठी तो हवाच. व्हॉट्सॲपवर आलेली पावती रिटर्न भरायच्या वेळी सापडत नाही, ईमेल शोधला की सापडतो. तुमच्याकडे ८०जीची मान्यता असेल, तर देणग्यांचं विवरण प्राप्तिकर खात्याला भरून प्रत्येक देणगीदाराला प्रमाणपत्र देणं २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून बंधनकारक आहे. त्यासाठी पॅन लागतो आणि यूपीआयने आलेल्या पैशाबरोबर पॅन येत नाही. तो त्याच दिवशी मागा. मार्च संपल्यावर शंभर जणांच्या मागे लागणं म्हणजे काय ते तुमच्या खजिनदारांना विचारा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सूट मिळत नाही, हेही आवाहनातच लिहून टाका. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे ‘कर वाचवा’ हा मथळा हल्ली फारसा चालत नाही.

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत पाठवता येतं, म्हणजे तुमचं भागतं. पत्ते ‘सीसी’त मात्र कधीही टाकू नका. कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करतोच, आणि सगळ्यांचे पत्ते चव्हाट्यावर. शीटला जोडून मेल मर्ज केलं की प्रत्येकाला त्याच्या नावाने वेगळा ईमेल जातो. पुढे एखादी बल्क मेल सेवा घ्याल तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. पत्ता जीमेलचा आणि पाठवणारा सर्व्हर तिसऱ्याचाच असेल तर ईमेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. स्वतःचं डोमेन घ्या आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या (ईमेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी वेबसाइटवाल्याकडून करून घ्या. तासाभराचं काम आहे.

आपल्याकडे हमखास होणारा घोळ फॉन्टचा. डीटीपीवाला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये करतो, तो ईमेलमध्ये पेस्ट केला की नुसती अगम्य अक्षरं. मग कंटाळून पत्रिकेचा जेपीजीच चिकटवला जातो. नुसतं चित्र असलेला ईमेल स्पॅममध्ये जायची शक्यता जास्त, फोनवर तो वाचवत नाही, नंतर शोधून सापडतही नाही. मजकूर कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्येच टाइप करा, सोबत एक फोटो, बास. विषयाच्या ओळीत पहिल्या चार-पाच शब्दांतच काम दिसलं पाहिजे, फोनवर पुढचं कापलं जातं. ‘सस्नेह निमंत्रण’ किंवा ‘मदतीचे आवाहन’पेक्षा ‘अभ्यासिकेत इन्व्हर्टर बसला’ उघडलं जातं.

आता गळतीचं खरं कारण. तुम्ही वर्षातून एकदाच तोंड दाखवता, तेही मागायला. दोन मागण्यांच्या मध्ये निदान तीन-चार वेळा काहीही न मागता कळवा. नमुना असा: ‘नमस्कार. जूनमध्ये आपण दिलेल्या देणगीतून अभ्यासिकेत इन्व्हर्टर बसला. आता पावसात लाइट गेली तरी मुलं रात्री अकरापर्यंत बसतात. फोटो सोबत आहे, बिल संस्थेत बघायला ठेवलं आहे.’ एवढंच. खाली क्यूआर कोड टाकायचा मोह आवरा.

मागाल तेव्हा नेमकं मागा: कशासाठी, किती, कधीपर्यंत. क्यूआरच्या खाली यूपीआय आयडी मजकुरात लिहा. ज्या फोनवर क्यूआर आला तोच फोन त्यावर धरता येत नाही आणि गॅलरीतून उचलणं सगळ्यांना जमत नाही. पैसे आले की २४ तासांत आभार, तेही नाव घेऊन.

कन्नडमध्ये वाचणाऱ्यांना वेगळा कन्नड संदेश पाठवा, जाणकाराकडून लिहून घेतलेला. एकाच संदेशात वर मराठी, खाली कन्नड केलं की खालचा भाग ‘रीड मोअर’च्या आड जातो, आणि दुय्यम वागणूक मिळाल्यासारखं वाटतं ते निराळंच.

फेसबुकने पैसे येतील ही आशा सोडा. तिथे नवी माणसं कळतात. प्रोफाइल नको, पेज करा. प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा आहे. पेजचा पूर्ण ताबा निदान दोघांकडे असू दे. दीपप्रज्वलन आणि पुष्पगुच्छांचे फोटो स्टेजवरचे लोक सोडून कुणी बघत नाही; काम करणारे हात दाखवा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीनेच, आणि चेहऱ्याबरोबर नाव-गाव-शाळा नको. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आसपास आणि बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत आवाहन टाकू नका; कमेंटमध्ये सीमाप्रश्न पेटतो आणि अभ्यासिका बाजूला राहते. इन्स्टाग्राम तूर्त नको, माणूसबळ नाही.

एक गोष्ट मात्र पक्की बघा. आखातातल्या भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. पण गोव्यातले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेत. परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही, मग तो मूळचा शेजारच्या गावचा का असेना. म्हणून तक्त्यात नागरिकत्वाचा रकाना वाढवा आणि परदेशातल्या प्रत्येकाला पैसे घ्यायच्या आधी विचारा.