वाचक विचारतात : हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट

प्रश्न : माळ्यावरचा जुना लाकडी पॉट काढला. चार किलो बर्फात दोन मुठी मीठ घालून पाऊण तास हँडल फिरवलं, तरी दूध पातळच. काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मीठ फारच कमी पडलं. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो, आणि साखरेचं दूध गोठायला सुरुवातच उणे दोन-तीन अंशांना होते. त्यामुळे बिनमिठाच्या बर्फात ते थंडगार होईल, पण जमणार नाही. मीठ पडलं की बर्फ शून्याखालीही वितळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता लाकडी बादलीच्या आतल्या, दुधाच्या डब्यातून ओढून घेतो. दोन लिटर मिश्रणाला सहा किलो बर्फ आणि एक किलो मीठ धरा. मीठ खड्यांचंच हवं. बारीक मीठ लगेच विरघळून तळाला जातं. बर्फ गोणपाटात गुंडाळून सुपारीएवढा फोडा, चार बोटं बर्फ आणि वर मूठभर मीठ असे थर द्या, मग कपभर पाणी ओता, म्हणजे खारं पाणी डब्याला सगळीकडून भिडेल.

पण मीठ कमी पडलं म्हणून घुसळताना ते दुप्पटही करू नका. डब्याच्या कडेचं दूध झटकन गोठतं, आइस्क्रीम रवाळ होतं आणि हँडल अडतं.

मिश्रण आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. कोमट ओतलंत तर घुसळताना सायीचं लोणी निघतं. डबा दोन-तृतीयांशच भरा, कारण हवा मिसळून ते फुगतं. पहिली पाच मिनिटं सावकाश पण न थांबता फिरवा, दाटू लागलं की वेग वाढवा. वीस-पंचवीस मिनिटांत हँडल जड होतं. तिथेच थांबा, जोर लावलात तर हँडलच्या चक्राचे दाते तुटतात. डब्यातली घुसळायची पाती काढा, झाकणाचं भोक बुचाने बंद करा, तीन भाग बर्फ आणि एक भाग मीठ भरून गोणपाटाखाली दोन तास मुरू द्या.

प्रश्न : आइस्क्रीम खारट का लागतं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बादलीला वरच्या बाजूला एक भोक असतं. ते बर्फाने बुजलं की खारं पाणी चढत झाकणापर्यंत येतं. दर पाच मिनिटांनी काडी घालून ते मोकळं करा. झाकण उघडण्यापूर्वी वरचा बर्फ काढून कडा ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : लाकडी बादली गळते. लांबी भरावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नको. लाकूड सुकून आक्रसलंय. रात्रभर पाणी भरून ठेवा, फळ्या फुगून फटी मिटतात.