विचारा ताईंना : स्वीडनची वहू, केशराचे पाव आणि पेंढ्याचा बोकड

डिसेंबरच्या अंकासाठी यंदा जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले त्यातले निम्मे एकाच विषयावर, स्वीडनच्या नाताळावर, निघाले. खान्देशातली पोरं आता स्वीडनला बरीच आहेत आणि मी नवऱ्याच्या नोकरीपायी गोटेनबर्गला संसार करून आलेली, त्यामुळे संपादकांनी अख्खा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई, मुलगा स्टॉकहोमला असतो, वहू तिकडचीच. पहिल्यांदाच डिसेंबरात जळगावला येतायत, सोबत ४ वर्षांची नात. मुलगा म्हणतो आई काही करू नको. पण वहूला घरची आठवण येणारच ना? आम्ही शाकाहारी, घरात अंडंही चालत नाही. २५ तारखेला केक आणला की झालं का? (एक सासूबाई, जळगाव)

आधी २५ तारीख डोक्यातून काढा. स्वीडनमध्ये खरा सण २४ ला असतो, जेवण भेटी सगळं त्याच दिवशी दुपार-संध्याकाळी, २५ ला काही जण पहाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जातात आणि बाकीचे उरलेलं गरम करून खात लोळत पडतात. तुम्ही २५ ला केक आणाल आणि सूनबाई आदल्या संध्याकाळी खिडकीत एकटी बसून आईला फोन करत असेल, असं होऊ देऊ नका.

दुसरं, मुलाचं ऐकू नका. "काही करू नको" हे तो तुमचे कष्ट वाचवायला म्हणतोय, तिच्या वतीने नाही. तिलाच सरळ विचारा की बाई तुझ्या घरी २४ ला अशा कुठल्या दोन गोष्टी असतात ज्यांच्याशिवाय सण वाटतच नाही. दोनच विचारा. नाहीतर यादी येईल आणि यादी मोठी असते, तिकडचं सणाचं टेबल म्हणजे आधी मुरवलेले हेरिंग मासे, मग सामन मासा, मग डुकराचं हॅम, खिम्याचे गोळे, छोटे सॉसेज, लाल कोबी, हे तुमच्या ओट्यावर होणं नाही आणि करायचा प्रयत्नही करू नका. त्यातली एक डिश मात्र सहज जमते, यानसन्स फ्रेस्तेल्से. बटाट्याच्या पातळ काड्या, परतलेला कांदा, वरून क्रीम आणि ब्रेडचा चुरा घालून ओव्हनमध्ये तांबूस होईपर्यंत भाजायचं. त्यात मूळ छोटे खारवलेले मासे असतात, ते गाळायचे, मीठ जरा चढतं ठेवायचं. बाजूला आपलं हिरव्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवा, डिसेंबरात जळगावला येऊन भरीत न खाता कुणी परत जात असेल तर तो यजमानाचा गुन्हा.

आणि खीर करा. म्हणजे तिकडची, तांदळाची, पण आपल्यापेक्षा खूप घट्ट आणि जवळपास अगोड. वाटीभर जाड बुटका तांदूळ (बासमती नको, चिकट होणारा हवा, नवापूरकडचा कुठलाही चालेल) दोन वाट्या पाण्यात शिजवायचा, पाणी आटलं की चारेक वाट्या दूध, दालचिनीचा तुकडा, चिमूट मीठ, मग मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. खाली लागतं, हात चालू ठेवा. वाढताना लोण्याचा गोळा आणि वर दालचिनी-साखर, साखर ज्याची त्याने घ्यायची. पातेल्यात एकच सोललेला बदाम टाकायचा, ज्याच्या वाटीत येईल त्याचं येत्या वर्षात लग्न, अशी समजूत आहे. घरात लग्नाचा पुतण्या-भाचा असेल तर बदाम कुठे गेला यावर लक्ष ठेवायला आत्याबाईंना सांगावं लागणार नाही.

त्यातलीच एक वाटी नातीच्या हाताने अंगणात ठेवायची, तोम्तेसाठी. हा तोम्ते म्हणजे लाल टोपीवाला सांताक्लॉज असं आता सगळे समजतात, आणि भेटी वाटायचं काम त्याच्याकडेच आहे, पण मुळात तो शेतघराचा राखणदार, बुटका, दाढीवाला, राखाडी कपड्यातला, गोठ्यात राहणारा. आपल्या बांधावरचा मुंजोबा समजा, मान ठेवला तर गुरं-धान्य सांभाळतो, नाही ठेवला तर खोड काढतो. येनी न्युस्त्रोम नावाच्या चित्रकर्तीने (१८५४–१९४६) काढलेल्या ख्रिसमस कार्डांमुळे त्याचा आत्ताचा गोड चेहरा घरोघर गेला. एक लोककथा आहे, नातीला सांगा. एका घरी नेहमी तोम्तेच्या खिरीवर लोण्याचा गोळा असायचा, एका वर्षी पोरीने मस्करीत लोणी वाटीच्या तळाशी घातलं आणि वर खीर ओतली. तोम्तेने पाहिलं, लोणी नाही! असा भडकला की गोठ्यात जाऊन चांगली दुभती गाय मारून टाकली. मग परत येऊन खीर खायला बसला, तर तळाशी लोणी. आता काय करणार, बिचारा रातोरात दूर कुठल्या गोठ्यातून तश्शीच गाय हुडकून आणून बांधून गेला. म्हणून लोणी वरच ठेवायचं.

भेटी द्यायची पद्धत मला तिकडची सगळ्यात आवडली, म्हणून लांबण लावतेय. संध्याकाळी घरातला एक पुरुष "जरा पेपर घेऊन येतो" म्हणून बाहेर पडतो (सगळी दुकानं बंद असताना!) आणि थोड्या वेळाने दारावर थाप पडते, मुखवटा-दाढी लावलेला तोम्ते आत येऊन विचारतो, इथे कुणी शहाणी मुलं आहेत का? तुमच्याकडे काकांनी "दूध आणतो" म्हणून निघावं, फक्त चपला बदलायला सांगा, चार वर्षांची पोर आधी चपला ओळखते. आणि प्रत्येक पुडक्यावर दोन-चार ओळींचं यमक लिहिलेलं असतं, ते आधी मोठ्याने वाचायचं, आत काय आहे त्याचा इशारा त्यात पण नाव घ्यायचं नाही, सगळ्यांनी ओळखायचं, मगच कागद फाडायचा. आता मला सांगा, ज्या भागात साध्या साखरपुड्यातही बायका तीन-तीन ओळींचे उखाणे टाकतात तिथे हे जमणार नाही? समजा आबांसाठी मफलर आणलाय, तर पुडक्यावर :

कान झाकतो, मान झाकतो, गाठ मारली की गप्प राहतो,
पहाटे केळीला पाणी द्यायला आबांच्या गळ्यात पडून जातो.

असं काहीही चालतं, जितकं वेडगळ तितकं बरं. अहिराणीत लिहा, वहूला मुलगा समजावून सांगेल, त्यालाही जरा काम.

शेवटचं, आणि हे कडक सांगते. २४ ला दुपारी चारनंतर गल्लीला सुट्टी द्या. गोरी सून बघायला अख्खी कॉलनी, भिशीचं मंडळ, मुलाचे शाळेचे सर, सगळे येणार हे मला माहितीय आणि ते प्रेमानेच येणार, पण त्यांना २६ ला चहाला बोलवा. तिकडे ती संध्याकाळ फक्त घरच्यांची असते.

प्रश्न : केशराचे पाव असतात म्हणे. अंडं, ओव्हन दोन्ही नाही. होतील का? (चाळीसगाव)

होतील. लुस्सेकात्तर म्हणतात, १३ डिसेंबरच्या लुसियाच्या सणाचे, पण महिनाभर चालतात. अर्धा किलो मैद्याला अर्धा ग्रॅम केशर पुरतं, चिमूटभर साखरेबरोबर खलात बारीक कुटून कोमट दुधात भिजत घालायचं, अख्ख्या काड्या टाकल्या तर रंग नुसता ठिपक्या-ठिपक्यांनी येतो आणि पैसे वाया. पाव लिटर कोमट दूध, दीड चमचा कोरडं यीस्ट, ७५ ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, चिमूट मीठ. हे पाव दुसऱ्या दिवशी दगड होतात अशी तिकडच्याही बायकांची तक्रार असते, म्हणून त्या कणकेत क्वार्ग घालतात, आपल्याकडे श्रीखंडाचा चक्का घाला, शंभरेक ग्रॅम, तेच काम करतो. कणिक सैलसरच हवी, मैदा वाढवत बसू नका. फुगली की बोटाएवढ्या वळ्या करून दोन्ही टोकं उलट-सुलट गुंडाळायची, इंग्रजी एस सारखं, दोन्ही डोळ्यांत एकेक मनुका खोल दाबायचा. परत अर्धा तास झाकून ठेवा. वरून अंड्याऐवजी दूध लावा, चकाकी कमी येते एवढंच.

भाजायला नानकटाईचा ट्रे जातो तिथेच न्या, बेकरीवाल्याला सांगा कडक आच (साधारण २२५ डिग्री) आणि सात-आठ मिनिटं, नानकटाईसारखं निवांत ठेवू नको. समोर उभ्या राहा.

प्रश्न : शाळेत १३ तारखेला लुसियाची मिरवणूक बसवायचा विचार आहे. डोक्यावर मेणबत्त्या लावायच्या का? (एक शिक्षिका, धुळे)

नाही! मॅडम, सिंथेटिक फ्रॉक, तेल लावलेले केस आणि पेटत्या मेणबत्त्या, नकोच. स्वीडनच्या शाळांमध्येही आता बहुतेक बॅटरीच्याच असतात. दिवाळीतले सेलवरचे दिवे पुठ्ठ्याच्या मुकुटावर चिकटवा.

मुलांना थोडं कारण सांगा म्हणजे फॅन्सी ड्रेस होणार नाही. लुसिया ही इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सिराक्यूजची संत, श्रद्धेसाठी जीव गेला तिचा, कमरेचा लाल पट्टा त्याची खूण. जुन्या कॅलेंडरप्रमाणे १३ डिसेंबरची रात्र वर्षातली सर्वात मोठी धरत, म्हणून तिच्या डोक्यावर उजेड. स्टॉकहोमला डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो, पार उत्तरेकडच्या किरुनाला तर काही आठवडे उगवतच नाही, आपल्या पोरांना हे ऐकून खरंच वाटत नाही. गावोगाव लुसिया निवडायची टूम १९२७ साली स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने स्पर्धा घेतली तिथून वाढली. एक लुसिया पुढे, मागे पांढऱ्या कपड्यात हातात दिवा घेतलेल्या मुली, आणि मुलगे डोक्यावर चांदण्या चिकटवलेल्या उंच निमुळत्या टोप्या घालून. हॉलचे पडदे लावा, लाइट बंद करा, गाणं लांबून ऐकू येत हळूहळू जवळ आलं पाहिजे. डीजे लावू नका एवढी विनंती. आणि लुसिया गोरी किंवा उंचच हवी असं काही नाही, चिठ्ठी टाका.

प्रश्न : आपले सण काय कमी आहेत? अखाजी, कानबाई सोडून आता स्वीडनची थेरं? (एक ज्येष्ठ वाचक, भुसावळ)

काका, सोडायला कुणी सांगितलं? ज्याच्या घरात तिकडची सून-जावई-नातू आहे त्याच्यासाठी हे थेर नाही, नात्यातलं देणं-घेणं आहे. आणि स्वीडनचा सण तरी कुठे निव्वळ स्वीडनचा? संत सिसिलीची, झाड जर्मनीतून आलेलं, खिडकीतली कागदी चांदणी जर्मनीच्याच हेर्नहूटमधल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, आणि २४ ला दुपारी अख्खा देश टीव्हीवर बघतो तो अमेरिकेचा डोनाल्ड डक, १९६० च्या आसपासपासून! प्रत्येक खिडकीत जो सात दिव्यांचा त्रिकोण दिसतो तोही कुठल्या पुराणातला नाही, गोटेनबर्गला फिलिप्समध्ये कामाला असलेल्या ऑस्कर अँडरसनने १९३४ साली झाडावरच्या न खपलेल्या दिव्यांच्या माळेतून जुळवला. घेतलं, आपलं केलं. भुसावळ तर जंक्शन आहे काका, तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न : आमच्या आजी सांगायच्या की मिशनच्या मडम स्वीडनच्या होत्या. खरं का? (नंदुरबार)

असू शकेल. फ्रेडरिक फ्रॅन्सन नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला (१८५२) प्रचारक अमेरिकेत गेला आणि त्याने १८९० मध्ये शिकागोला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. पुढे पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. तुमच्या घरी जुने फोटो, पत्रं, कागदी चांदणी, काही असेल तर चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांकडून आत्ताच नावं लिहून घ्या, फोटोच्या मागे, पेन्सिलने.

प्रश्न : पेंढ्याचा बोकड कसा करतात? (शहादा)

यूलबोक, म्हणजे नाताळचा बोकड. तोम्तेच्या आधी भेटी हाच आणायचा. आपल्याकडे ज्वारीचा कडबा फार जाड, गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा घ्या. कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवा नाहीतर वाकवताना तुटतो. एक जुडी मधे वाकवून डोकं-मान-पुढचे पाय, दुसरी आडवी अंगाला आणि मागच्या पायांना, शिंगं मात्र वेणी घालून मागे गोल वळवायची, आणि सगळं लाल दोऱ्याने घट्ट बांधायचं. वाळल्यावर पेंढा आक्रसतो म्हणून दोरा परत एकदा आवळा. दिव्यापासून लांब ठेवा, कारण येव्ले नावाच्या गावात १९६६ पासून चौकात १३ मीटर उंच असाच बोकड उभारतात आणि दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी रात्रीत जाऊन तो पेटवून देतं. पहिल्याच वर्षी ३१ डिसेंबरला जळाला होता. पहारा ठेवतात, कॅमेरे लावतात, तरी.

प्रश्न : लेक-जावई माल्मोला. २४ ला व्हिडिओ कॉल किती वाजता करावा? दरवर्षी कुणी उचलत नाही, जावई रागावलेत का? (अमळनेर)

अहो नाही! हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तुम्ही संध्याकाळची पूजा-दिवाबत्ती आटपून साडेसातला फोन लावत असाल, तेव्हा तिकडे दुपारचे ३ वाजलेले असतात आणि वर सांगितलेला डोनाल्ड डक सुरू होतो, तासभर चालतो. त्या तासात स्वीडनमध्ये कुणी कुणाचा फोन घेत नाही, जावई सोडाच. पावणेनऊला लावा.