अ‍ॅरिझोनात पहिल्यांदा शिकारीला निघताय?

आधी बुटांवर खर्च करा, कपड्यांवरच्या झाडापानांच्या (कॅमोफ्लाज) नक्षीवर नको. इथल्या सोनोरन वाळवंटात चोया नावाच्या निवडुंगाचे काटे जाळीदार बुटांतून सरळ आत घुसतात. म्हणून चामड्याचे, घोटा झाकणारे, टणक तळव्याचे बूट घ्या. जाड लोकरी मोजे घालूनच माप बघा. उतारावर बोटं पुढे टेकत असतील तर मोठे घ्या. कोरे बूट घालून थेट डोंगरात जाणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी काही आठवडे रोज वापरा.

बाकी थोडक्यात:
- पँट दणकट कापडाची, गुडघ्यावर दुहेरी.
- शर्ट सैल, पूर्ण बाह्यांचा.
- जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, स्वेटर हवाच.
- खिशात कंगवा! चोयाचा तुटलेला काटेरी गोळा अंगाला चिकटला तर हाताने ओढू नका, काट्यांना उलटे दाते असतात. कंगव्याने उडवा.

दुर्बीण-बिर्बीण पुढच्या हंगामात बघू.