मिठाच्या घरांचं गाव

प्रश्न : सिकंदर ऐन मोहिमेत वाळवंटातल्या कुठल्यातरी देवळात कौल लावायला गेला होता म्हणे. ते गाव अजून आहे का? आणि तिथली घरं मिठाची असतात हे खरं की थाप?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : गाव आहे आणि मिठाचं पण खरंय! नाव सिवा, इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाची बॉर्डर तिथून जेमतेम पन्नासेक किलोमीटर. सिकंदर इ.स.पू. 331 मध्ये आमून देवाकडे गेला, आणि तुम्ही कोकणातले म्हणून सांगतो, तिथला कौल तुमच्या शिमग्याच्या पालखीसारखाच होता, म्हणजे पुजारी देवाला सोन्याच्या होडीत बसवून खांद्यावर घ्यायचे आणि ती जशी हलेल तसं उत्तर. त्याला काय कौल मिळाला ते त्याने कुणाला धड सांगितलंच नाही, आईला भेटल्यावर सांगीन म्हणाला आणि भेट काही झाली नाही.

आता घरं. तलावाकाठची खारट माती, तिच्यात मिठाचे खडे असतातच, तीच थापून भिंत उभी करायची, वाळली की दगडासारखी घट्ट. याला कर्शेफ म्हणतात. टेकडीवरची जुनी गढी शाली, तेराव्या शतकातली, सगळी याचीच, चार-पाच मजली घरं एकमेकांना चिकटून. पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणून चाललं सातशे वर्षं, पण 1926 मध्ये लागोपाठ तीन दिवस पाऊस झाला आणि भिंती अक्षरशः विरघळल्या. लोक खाली येऊन राहिले. चिपळूणला तीन दिवसांच्या पावसाला कोण पाऊस म्हणतं सांगा!

बाकी लोक मूळचे अमाझिघ, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले बर्बर, घरात त्यांची सिवी भाषा बोलतात, अरबी बाहेर. पोट खजूर आणि ऑलिव्हवर. डांबरी रोड आला तो 1980 च्या दशकात, तोवर समुद्रकाठच्या मार्सा मत्रूह शहरापर्यंतचे 300 किलोमीटर म्हणजे दिव्यच.

आणि गंमत बघा, तिथलं आजचं दुखणं पाणी कमी हे नाहीच, जास्त हे आहे! गाव खोलगट, समुद्रसपाटीच्याही खाली, पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. लोकांनी बोअर मारमारून शेताला पाणी सोडलं, ते निचरून तलावात, तलाव पसरत चालले आणि काठची खजुराची झाडं मिठाने जळायला लागली. आपल्याकडे शिरोळ-वाळव्याला जमीन क्षारपड होते ना, सेम तेच.